डाग आणि कर्ता

माणसाने घडवलेली वस्तू विकली गेल्यावर घडवणाऱ्याचे तिच्याशी असलेले नाते संपते की नाही, हा प्रश्न वरवर पाहता व्यापाराचा किंवा कायद्याचा वाटतो. परंतु कर्म, कर्ता आणि फळ यांच्या संबंधाचा विचार भारतीय दर्शनांनी ज्या गांभीर्याने केला आहे तो लक्षात घेता, हा प्रश्न मुळात धर्मविचाराचा आहे असे मानावे लागते. त्याची तपासणी करण्यासाठी डिजिटल कॅमेरा ही वस्तू विशेष उपयोगी पडते. मडके गळू लागले तर पाणी जमिनीवर दिसते आणि चपलेचा अंगठा तुटला तर पायाला कळते. कॅमेऱ्यातील दोष मात्र पाहण्याच्या साधनातच बसलेला असल्यामुळे तो वस्तूत न दिसता, त्या वस्तूने दाखवलेल्या जगात दिसतो. लग्नाच्या फोटोत नवरीच्या कपाळाशेजारी उमटलेला करडा ठिपका कपाळाचा नसतो, मागच्या भिंतीचाही नसतो, आणि तरीही फोटो पाहणाऱ्याला तो तिथेच असल्यासारखा दिसतो.

मीमांसकांनी या अडचणीचा विचार फार बारकाईने केला आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेनुसार ज्ञानाचे प्रामाण्य, म्हणजे खरे मानले जाण्याचा त्याचा अधिकार, स्वतःसिद्ध असतो. ज्ञान झाले की ते खरे धरावे आणि दोनच कारणांनी मागे घ्यावे. पहिले कारण म्हणजे बाधक प्रत्यय, अर्थात आधीच्या ज्ञानाला खोडून काढणारे नंतरचे ज्ञान. दुसरे म्हणजे कारणदोष, अर्थात ज्या साधनाने ज्ञान झाले त्या साधनातच सापडलेला बिघाड. कावीळ झालेल्याला पांढरा शंख पिवळा दिसतो हे या चर्चेतील नेहमीचे उदाहरण आहे. कॅमेऱ्याच्या गुणवत्तेचा प्रश्न या दृष्टीने कारणदोषाचा प्रश्न आहे. फरक इतकाच की काविळीचा डोळा कोणी घडवून, डब्यात घालून, वॉरंटी कार्डासह विकलेला नसतो.

सातारा जिल्ह्याच्या कराड तालुक्यात, कृष्णा आणि तारळी यांच्या संगमापाशी, पुणे-बेंगळुरू महामार्गावर वसलेल्या उंब्रजच्या परिसरात कॅमेऱ्याची परीक्षा पाहणारी परिस्थिती वर्षभर हजर असते. तारळीच्याच काठी असलेल्या पाल या गावी पौष महिन्यात खंडोबा आणि म्हाळसा यांच्या लग्नाची यात्रा भरते, आणि त्या दिवशी भंडारा, म्हणजे देवाला वाहायची हळदीची पूड, इतक्या मुठींनी उधळला जातो की माणसे, मंदिर आणि हवा एकाच रंगाची होऊन जातात. फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या बॉडीला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळतात, लेन्सच्या तोंडाशी रबर लावतात आणि गर्दीत लेन्स बदलायची नाही अशी खूणगाठ बांधून निघतात. तरीही झूमची कडी मागेपुढे फिरताना हवा आत ओढली जाते आणि तिच्याबरोबर हळदही जाते. पावसाळ्यात वेगळेच संकट येते. कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच्या आतल्या काचेवर दमटपणाने बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू कडेकडून मध्याकडे सरकतात, आणि वेळीच काढली नाही तर ती बुरशी काचेवरचा लेप कायमचा खाऊन टाकते.

आत गेलेला कण शोधण्याची रीत या व्यवसायातील प्रत्येकाला माहीत असते. लेन्सचे छिद्र एफ/१६ इतके लहान करायचे, फोकस मुद्दाम बिघडवायचा आणि ढगाळ, पांढऱ्या आभाळाचा फोटो काढायचा. छिद्र लहान झाले की प्रकाशाचा झोत अरुंद होतो आणि सेन्सरवरच्या, नेमके सांगायचे तर सेन्सरपुढच्या गाळणीच्या काचेवरच्या, कणाची सावली ठळक पडते. मोठ्या आकाराचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असतो. त्यावर २ कोटी ४० लाख प्रकाशग्राही घटक बसवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला मिलिमीटरचा सुमारे १६७वा भाग येतो, त्यामुळे हळदीचा एक कण एकाच वेळी अनेक घटकांना झाकतो. मोकळ्या आभाळाच्या त्या फोटोत जे ठिपके दिसतात, ते आभाळात नाहीत हे निश्चित असल्यामुळे ते साधनातलेच आहेत हेही निश्चित होते. मीमांसकांच्या भाषेत, तो फोटो मुद्दाम घडवून आणलेला बाधक प्रत्यय असतो. पुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. रबरी फुग्याने हवा मारली की कोरडी धूळ उडून जाते. जे ठिपके जागचे हलत नाहीत, गोल असतात आणि ज्यांच्या कडेला फिकट वलय असते, ते बहुधा तेलाचे असतात, आणि तेल यात्रेतून येत नाही. शटर म्हणजे सेन्सरपुढे उघडझाप करणारा पडदा. त्याच्या यंत्रणेला घातलेले वंगण उडून काचेवर बसले की असा डाग पडतो. एक डाग वापरणाऱ्याच्या परिस्थितीतून आलेला असतो, दुसरा कारखान्यातून, आणि फोटोत दोन्ही सारखेच करडे दिसतात.

हा भेद काल्पनिक नाही. निकॉन कंपनीचा डी-६०० हा कॅमेरा सप्टेंबर २०१२ मध्ये बाजारात आला आणि थोड्याच काळात जगभरच्या वापरणाऱ्यांनी त्याच्या फोटोत जमा होणाऱ्या ठिपक्यांबद्दल तक्रारी केल्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने काढलेल्या सूचनापत्रात सफाईचा आणि गरज पडल्यास सेवा केंद्राकडे जाण्याचा सल्ला होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये डी-६१० हे पुढचे मॉडेल नव्या शटरसह आले. फेब्रुवारी २०१४ मध्ये, वॉरंटी संपली असली तरीही तपासणी, सफाई आणि शटर बदलून देणे विनामूल्य राहील असे कंपनीने जाहीर केले. त्यानंतरच्या महिन्यात चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने ग्राहक दिनी हा विषय मांडला आणि शांघायच्या प्रशासनाने त्या मॉडेलची विक्री थांबवायला सांगितले. येथे कोणाच्या हेतूचा निवाडा करायचा नाही. विचार करायचा आहे तो सप्टेंबर २०१२ ते फेब्रुवारी २०१४ या सतरा महिन्यांचा. त्या काळात ज्याच्या फोटोत डाग आले, त्या माणसाने प्रथम कोणावर संशय घेतला असेल? स्वतःच्या हातावर. लेन्स बदलताना निष्काळजीपणा झाला असेल, यात्रेला कॅमेरा न्यायलाच नको होता, पिशवी नीट बांधली नसेल, असे त्याने स्वतःला बजावले असेल. सदोष वस्तू हातात पडल्याचे आर्थिक नुकसान भरून निघू शकते. परंतु दुसऱ्याचा दोष स्वतःचा समजून वागवण्याचा जो मानसिक भार पडतो, तो कोणत्याही बिलात येत नाही, आणि धर्मविचाराच्या दृष्टीने तीच या प्रकरणातील सर्वांत गंभीर गोष्ट आहे.

मराठी भक्तिपरंपरेत गुणवत्तेच्या तपासणीची एक कथा घरोघरी माहीत आहे, पण ती या अंगाने क्वचितच वाचली जाते. तेर येथे गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबांनी मडकी पारखायचे थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून कोणते मडके पक्के व कोणते कच्चे हे पाहिले. नामदेवांना मार सहन झाला नाही आणि ते कच्चे ठरले. पारंपरिक निरूपणात या कथेचे तात्पर्य अहंकाराशी जोडले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु कथेची रचना पाहिली तर तिच्यात तीन गोष्टी ठळकपणे आढळतात. तपासणी प्रत्येकाची झाली, कोणीही वगळला गेला नाही. दोष ज्याचा होता त्याला तो तोंडावर, सर्वांसमक्ष सांगितला गेला. आणि कच्चे ठरलेले मडके उकिरड्यावर गेले नाही. नामदेव औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले आणि जे भाजायचे राहिले होते ते तेथे भाजले गेले. पारख, उघड सांगणे आणि दुरुस्तीचा मार्ग या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र नांदतात, आणि त्यांतील एकही काढली तर ती कथा क्रूर होते.

आधुनिक कारखान्याला यांतील पहिली गोष्ट पूर्णपणे पाळता येत नाही. वॉल्टर श्यूहार्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये नियंत्रण तक्ता नावाचे साधन मांडले. एकाच यंत्रातून, एकाच कच्च्या मालापासून निघणाऱ्या दोन वस्तू कधीही तंतोतंत सारख्या नसतात हा त्यामागचा विचार होता. या फरकाचे त्यांनी दोन भाग केले. एक फरक प्रक्रियेच्या अंगभूत असतो आणि तो कोणा एका कामगाराला रागावून जात नाही. दुसरा एखाद्या विशिष्ट कारणामुळे, झिजलेल्या पात्यामुळे किंवा बदललेल्या डिंकामुळे, येतो आणि ते कारण शोधून काढता येते. श्यूहार्ट १९४७-४८ च्या सुमारास भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून भारतातही येऊन गेले होते. त्यांचाच विचार पुढे नेणारे एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानमध्ये व्याख्याने दिली, आणि आज जगातील बहुतेक कॅमेरे ज्या देशाच्या कंपन्या बनवतात त्या देशाच्या कारखानदारीवर त्या व्याख्यानांची छाप कायम राहिली. कारखान्यातील नमुना तपासणीत प्रत्येक मडक्यावर थापटणे मारले जात नाही; एका खेपेतून ठरावीक नग उचलायचे, त्यांत मर्यादेपेक्षा अधिक नग सदोष निघाले तर सगळी खेप अडवायची, अन्यथा सोडायची. ही रीत शास्त्रशुद्ध आहे आणि तिच्याविना स्वस्त, भरवशाची वस्तू सामान्य माणसापर्यंत पोहोचलीच नसती. पण तिचा नैतिक अर्थ स्पष्टपणे पाहिला पाहिजे. मर्यादा ठरवणाऱ्याला ठाऊक असते की सोडलेल्या खेपेत काही कच्ची मडकी आहेतच. कोणती, ते ठाऊक नसते. कच्चे मडके कोणाच्या तरी घरी जाणार हे जाणून ते पाठवणे हे पाप आहे की व्यवहार?

गीतेच्या अठराव्या अध्यायात याचे निम्मे उत्तर आहे. अग्नी जसा धुराने वेढलेला असतो तसा माणसाचा प्रत्येक आरंभ कोणत्या ना कोणत्या दोषाने वेढलेला असतो, म्हणून केवळ सदोष आहे एवढ्यासाठी आपले कर्म टाकू नये, असा तेथील आशय आहे. सेन्सरच्या बाबतीत ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. कोट्यवधी घटकांपैकी काही घटक कारखान्यातच मेलेले किंवा कायम पेटलेले निघतात. त्यांच्या जागांची यादी कॅमेऱ्याच्या स्मृतीत भरून ठेवतात आणि फोटो तयार होताना त्या प्रत्येक जागी शेजारच्या घटकांवरून काढलेली किंमत बसवली जाते. ज्याला ग्राहक निर्दोष कॅमेरा म्हणतो, तो वस्तुतः पहिल्या दिवसापासून दुरुस्त केलेला कॅमेरा असतो. यात फसवणूक आहे असे म्हणता येणार नाही, कारण कर्त्याने येथे दोष ओळखला, त्याची नोंद केली आणि त्याचा भार स्वतः उचलला; पाहणाऱ्याच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. दोषाचे निवारण आणि दोषाचे आच्छादन यांत जो फरक आहे तो येथे स्पष्ट होतो. धूर असणारच, पण तो कोणाच्या डोळ्यांत जावा याची निवड कर्त्याच्या हाती असते, आणि ती निवड अठराव्या अध्यायाने माफ केलेली नाही.

कधी कधी दोष कोणालाच न दिसता वर्षानुवर्षे दडून राहतो. २००५ च्या ऑक्टोबरच्या सुमारास सोनी, कॅनन, निकॉन, फुजीफिल्म, ऑलिंपस आणि कोनिका मिनोल्टा या कंपन्यांनी एकापाठोपाठ एक जाहीर केले की २००२ ते २००४ या काळातील त्यांच्या अनेक मॉडेलांचे सेन्सर निकामी होत आहेत आणि त्यांची दुरुस्ती विनामूल्य केली जाईल. नावे निरनिराळी असली तरी आतला सेन्सर सोनीने बनवलेला होता. त्याच्या वेष्टनातील बारीक तारांचे सांधे उष्ण आणि दमट हवेत सुटत होते आणि पडद्यावर जांभळट, ओघळलेले चित्र दिसत होते किंवा काहीच दिसत नव्हते. न्याय-वैशेषिकांच्या कारणविचारात हे प्रकरण नेमके बसते. वस्तूची तीन कारणे ते सांगतात: समवायी कारण म्हणजे जिच्यापासून वस्तू बनते ती सामग्री, जसे कापडाचे धागे, असमवायी कारण म्हणजे त्या सामग्रीचा परस्परसंयोग, जसे धाग्यांची वीण, आणि निमित्त कारण म्हणजे विणकर व त्याचा माग. त्यांच्या मते धागे शाबूत असतानाही वीण सुटली की कापड नष्ट होते. त्या सेन्सरमध्ये सिलिकॉन शाबूत होते, तारा शाबूत होत्या, तंत्रज्ञांनी आखून दिलेले काम केले होते. संयोग तेवढा सुटला, आणि तोही युरोपातल्या कोरड्या थंडीपेक्षा कोकण आणि सह्याद्रीच्या पावसाळ्याशी साम्य असलेल्या हवेत. परीक्षा कोणत्या हवेत घेतली जाते हासुद्धा न्यायाचा प्रश्न आहे.

मग कर्ता कोण? गीता त्याच अध्यायात कर्माची पाच कारणे मोजते: अधिष्ठान म्हणजे जागा, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवे दैव, आणि जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असेही सांगते. हे वचन अहंकार घालवण्यासाठी आहे. मोठ्या उद्योगात मात्र ते उलट्या दिशेने वापरले जाण्याचा धोका असतो, कारण पाच कारणांकडे बोट दाखवून प्रत्येक जण स्वतःपुरता अकर्ता होऊ शकतो: सेन्सर पुरवणारा म्हणतो जुळणी करणाऱ्याला विचारा, जुळणी करणारा म्हणतो वितरकाला विचारा, वितरक दमट हवेकडे बोट दाखवतो. २००५ मधील घटनेत समाधानाची बाब ही की ज्या कंपन्यांनी दोष निर्माण केला नव्हता त्यांनीही आपल्या नावावर विकलेल्या वस्तूची दुरुस्ती स्वतःकडे घेतली. कर्तृत्व वाटले जाऊ शकते. उत्तर देण्याची जबाबदारी वाटून पातळ करायची नसते, हा संकेत त्या वेळी पाळला गेला.

निष्काम कर्माच्या कल्पनेचाही येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण महाराष्ट्रात तो सुशिक्षितांमध्येही आढळतो. फळाची आशा सोडायची याचा अर्थ काम कसे उतरले याची फिकीर सोडायची, असा नाही. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्मयोगाची जी मांडणी केली तिचा सगळा रोख कर्म सोडण्याविरुद्ध आणि ते बुद्धिपूर्वक करण्याकडे आहे. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेल्या गीता प्रवचनांत विकर्म या शब्दाला जो अर्थ दिला, तो कारखान्यातील तपासनिसाच्या कामाला फार जवळून लागू पडतो: बाहेरचे कृत्य ते कर्म, आणि त्या कृत्यात मनाचे ओतले जाणे ते विकर्म, दोन्ही एक झाली की कर्माचे ओझे उरत नाही. तपासणीच्या कागदावर खूण करणे हे कर्म आहे. खूण करताना त्या नगाकडे खरोखर पाहणे हे विकर्म आहे, आणि ते कोणत्याही तक्त्यात नोंदता येत नाही.

उंब्रजच्या परिसराला या विचाराचा स्वतःचा वारसा आहे. समर्थ रामदासांचे चाफळ येथून जवळ आहे, आणि दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर, म्हणजे ग्रंथाची नक्कल कशी करावी यावर आहे. अक्षर वाटोळे असावे, दोन शब्दांतील आणि दोन ओळींतील अंतर राखले जावे, काना, मात्रा, वेलांटी स्पष्ट असावी, ग्रंथाचे पहिले पान आणि शेवटचे पान एकाच लेखणीने लिहिल्यासारखे दिसावे, अशी अपेक्षा तेथे विस्ताराने सांगितली आहे; शाई, कागद, चाकू यांचीही चर्चा आहे. मोक्षमार्ग सांगणाऱ्या ग्रंथात अक्षराच्या गोलाईला एक अख्खा समास मिळावा, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. पहिल्या नगापासून शेवटच्या नगापर्यंत दर्जा न ढळणे हे समर्थांनी साधनेच्या कक्षेत आणले, आणि त्यामागचे कारण उघड आहे: नक्कल करणारा जे लिहितो ते त्याला कधीही न भेटणारा माणूस वाचणार असतो.

दुरुस्तीचा विचार याच ठिकाणी सुरू होतो. कॅमेऱ्याचे शटर बदलले, मग मुख्य बोर्ड बदलला, पुढे सेन्सरही बदलला, तर तो तोच कॅमेरा म्हणावा काय? वैशेषिकांचे उत्तर कठोर आहे: कापडातील एक धागा काढला तरी जुने कापड नष्ट होते आणि खंडपट नावाचे वेगळे कापड उत्पन्न होते. मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतात की रथ म्हणजे चाक की आस की जू, आणि शेवटी रथ हे या भागांच्या जुळणीवर ठेवलेले नाव आहे असे ठरते. त्या मताने तोच की दुसरा हा प्रश्नच सैल पडतो. आपल्या देवळांचा अनुभव या दोहोंपेक्षा वेगळे काही सांगतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या कोयनेच्या भूकंपात चाफळच्या राममंदिराला तडे गेले आणि पुढे मफतलाल उद्योगसमूहाच्या पुढाकाराने आजचे देऊळ उभे राहिले. तरी भाविकाच्या लेखी ते समर्थांचेच देऊळ आहे. उंब्रजचा मारुती, समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक, चुना, वाळू आणि अंबाडीचा ताग यांपासून घडवल्याचे परंपरा सांगते. असल्या मूर्तीचे टिकणे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निगराणीवरच अवलंबून असते. जीर्णोद्धाराच्या विधीत जुनी मूर्ती हलवण्यापूर्वी तिच्यातील देवत्व मंत्रपूर्वक कलशात आवाहन करून ठेवतात आणि काम पुरे झाल्यावर पुन्हा मूर्तीत प्रतिष्ठित करतात. सामग्री बदलत असताना मधल्या काळात काहीतरी सांभाळून धरावे लागते, ही जाण त्या विधीमागे आहे. कॅमेरा सेवा केंद्रात सोडताना मिळणारा जॉबशीटचा कागद, ज्यावर बॉडीचा क्रमांक, तक्रारीचा एक ओळीचा मजकूर आणि सोबत दिलेल्या बॅटरी-पट्ट्याची यादी असते, तो त्याच कामाचा लौकिक नमुना आहे: वस्तू उघडून पसरलेली असताना तिचे तेचपण त्या कागदावर राहते.

दुरुस्तीची मर्यादा कोणती, याचा आदर्श एकनाथांनी घालून दिला आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, त्यांनी पाठभेदांनी बिघडलेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि त्यात कोणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीद दिली. स्वतः समर्थ कवी असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या ग्रंथात स्वतःचे काही न मिळवता फक्त बिघाड काढावा, याहून मोठी दुरुस्ती दाखवता येणार नाही. ते शक्य झाले, कारण प्रती उपलब्ध होत्या आणि त्या उघडून पाहण्याची कोणाला बंदी नव्हती.

आजची अडचण नेमकी इथे आहे. उंब्रजसारख्या गावातील बिघडलेला कॅमेरा कुरियरने पुण्या-मुंबईकडे जातो, आणि तेथून बहुतेक वेळा तीनपैकी एक उत्तर येते: पार्ट मिळत नाही, बोर्डच बदलावा लागेल, किंवा दुरुस्तीच्या खर्चात थोडे घातले तर नवा येईल. सुटे भाग आणि जुळणीची सॉफ्टवेअर स्वतःपाशी राखून ठेवण्याकडे कंपन्यांचा कल वाढला आहे. निकॉनने अमेरिकेत बाहेरच्या अधिकृत दुरुस्ती दुकानांशी असलेला करार मार्च २०२० अखेर संपवला, हे त्याचे एक उदाहरण. यामागे आर्थिक ओढाताण आहे हे नाकारता येणार नाही, कारण २०१० मध्ये जगात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाजारात गेले आणि मोबाइलने तो बाजार खाल्ल्यावर २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्या आसपास उरला. परंतु विकताना घेतलेला पैसा पूर्ण होता. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, तेव्हा ग्राहकाला दयेचा विषय न मानता अर्थव्यवहारातील बरोबरीचा घटक मानण्याचा आग्रह धरला होता. त्या आग्रहाला कायद्याचे रूप येत गेले. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीसाठी उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा यांच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण घातले, आणि ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे उंब्रजकराला साताऱ्यात, तक्रार नेण्याची सोय दिली. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू करून शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने या चार क्षेत्रांतील कंपन्यांना दुरुस्तीची माहिती एकत्र देण्यास सांगितले. माहिती देणे आणि पार्ट देणे यांत मात्र अजून अंतर आहे, आणि ते अंतर कायद्याने भरून निघेपर्यंत गावातील कारागीर दोन मेलेल्या बॉडींतून एक जिवंत करण्याचे काम करत राहतो. त्याच्या टेबलावर भिंगाखाली, केसाएवढ्या पट्टीच्या टोकाशी कथील लावताना श्वास रोखलेला माणूस हा या काळातील जीर्णोद्धार करणारा आहे, आणि त्याला तो मान मिळत नाही हे खेदकारक आहे.

खंडेनवमीला शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते, तेव्हा फोटो स्टुडिओत कॅमेरे पाटावर मांडले जातात, त्यांना हळदकुंकू लावले जाते, झेंडूचे फूल वाहिले जाते. आणि चालू कॅमेऱ्यांच्या रांगेत बहुधा एखादा असा असतो की ज्याचा सेन्सर गेला आहे आणि ज्याचा पार्ट येणे बंद झाले आहे. खंडित मूर्ती पुजू नये, तिचे वाहत्या पाण्यात विसर्जन करावे, असा शास्त्रसंकेत आहे. पण या खंडित साधनाला कृष्णेत सोडता येत नाही, कारण त्याच्या बॅटरीतील आणि डाखातील विष त्याच पाण्यात उतरेल. ई-कचऱ्याच्या नियमांनी उत्पादकावर वस्तूच्या अखेरीची जबाबदारी टाकली आहे, तरी उंब्रजच्या बाजारपेठेतून ती वस्तू त्याच्यापर्यंत परत जाण्याची वाट अजून रुळलेली नाही. म्हणून तो कॅमेरा पाटावरून उचलून पुन्हा फळीवर ठेवला जातो. त्याच्या तळाशी कारखान्यात कोरलेला क्रमांक अजून स्वच्छ वाचता येतो, आणि दरवर्षी त्यावर थोडा भंडारा साचतो.